सुतारकामाच्या प्रदर्शनाला हौशी माणसाने जावं का, आणि जायचं तर कसं?

कुठल्याही यंत्राचं आतून-बाहेरून परीक्षण मोबाईलवर फुकट बघायला मिळतं. मग सुट्टी टाकून, दिवसभर पायपीट करून प्रदर्शनाला कशाला जायचं? सुतारकामाची नुकतीच गोडी लागलेली मंडळी हे हमखास विचारतात. माझं उत्तर थोडं तिरकं आहे. 'नवीन काय आलंय' एवढंच बघायचं असेल तर जाऊ नका. २००० साली अटलांटाच्या आयडब्ल्यूएफ प्रदर्शनात सॉस्टॉपची, म्हणजे बोट लागताच पातं थांबवणारी करवत पहिल्यांदा लोकांसमोर आली. बोटाऐवजी सॉसेज पात्याला लावलं की ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबायचं. तेव्हा हे डोळ्यांनी बघायचं तर तिथे उभं असण्याला पर्याय नव्हता. आज असं काही निघालं, तर त्याची चित्रफीत प्रदर्शनाच्या आधीच तुमच्या हातात पोहोचेल.

पण येत्या वर्षभरात एखादं मोठं यंत्र किंवा आयुष्यभर पुरेल असं हत्यार घ्यायचा विचार असेल, तर जरूर जा. करवतीचं टेबल किती ठाम आहे, रंध्याची मूठ तुमच्या पंजात बसते का, फेन्स (लाकूड सरळ रेटायची करवतीवरची आधारपट्टी) पक्की केल्यावर तिचं दुसरं टोक हलतं का, हे पडद्यावर कळत नाही. खाली जे लिहिलंय ते अशा तपासायला जाणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी प्रदर्शनाची जात ओळखा

सगळी प्रदर्शनं एका माळेचे मणी नसतात, आणि निराश होऊन परतणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात.

पहिली जात निखळ व्यापारी. जर्मनीत हॅनोव्हरला विषम वर्षी भरणारं लिग्ना (सुरुवात १९७५), अमेरिकेत सम वर्षी अटलांटाचं आयडब्ल्यूएफ आणि विषम वर्षी लास वेगासचं एडब्ल्यूएफएस, बंगळुरूचं इंडियावुड, ही सगळी या गटातली. इथे कारखानदार कारखानदारांशी बोलायला आलेले असतात. बीम सॉ (मोठ्या फळ्या कापणारी करवत), एज बँडर (फळीच्या कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र), सीएनसीच्या म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या अख्ख्या उत्पादनरेषा. एकेक यंत्र तुमच्या गॅरेजपेक्षा मोठं. हौशी माणसाच्या कामाचा भाग कडेच्या दालनांमध्ये असतो: हातातली विद्युत हत्यारं, बिट आणि पाती, हार्डवेअर, गोंद, पॉलिश, लहान धूळशोषक.

दुसरी जात ग्राहकांसाठीची. इथे यंत्रं लहान, विक्री जागेवर आणि प्रात्यक्षिकं भरपूर असतात. तिसरी जात मला सगळ्यात आवडते: हाताच्या हत्यारांचे मेळावे. अमेरिकेत आयोवातल्या अमाना गावी २०१३ पासून अधूनमधून भरलेलं हँडवर्क्स हा त्याचा नमुना. रंधे, पटाश्या आणि करवती बनवणारे लोक तिथे स्वतः बाकामागे उभे असतात आणि तुमच्या हातात हत्यार देऊन 'चालवून बघा' म्हणतात. तुमच्या आवाक्यात असा मेळावा असेल तर पुढचा दुसरा मुद्दा वाचायचीसुद्धा गरज नाही, थेट जा.

जात ओळखायची खूण सोपी आहे. प्रदर्शकांची यादी आधीच जाहीर होते. ती उघडा आणि तुम्ही स्वतः ज्यांचं काही वापरता किंवा घ्यायचा विचार करताय, अशी नावं मोजा. चार-पाचसुद्धा सापडत नसतील तर ते प्रदर्शन तुमच्यासाठी नाही.

२. एक लेखी प्रश्न घेऊन निघा

'टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) बघायची' हा प्रश्न झाला नाही. 'माझ्या खोलीत सिंगल फेज वीज आहे, ५० मिलिमीटर जाडीचं कठीण लाकूड फाडायचंय, जागा अमुक इतकी आहे. या दोन-तीन यंत्रांतलं कुठलं?' हा प्रश्न झाला. असा प्रश्न कागदावर उतरत नसेल तर यंदा राहू द्या. तो दिवस कार्यशाळेत घालवलात तर हात जास्त सुधारेल.

प्रश्नासोबत खोलीची मापंही लिहून घ्या: दाराची रुंदी, छताची उंची, जिना असेल तर त्याचं वळण, वीजजोडणी किती अँपिअरची. प्रदर्शनाच्या दालनाचं छत इतकं उंच असतं की तिथे प्रत्येक यंत्र लहानखुरं वाटतं. तेच यंत्र दारातून आत येत नाही तेव्हा डोळे उघडतात.

३. नोंदणी आणि कागदपत्रं

व्यापारी प्रदर्शनाच्या अर्जात कंपनीचं नाव आणि हुद्दा हे रकाने सक्तीचे असतात. खोटी कंपनी लिहू नका. 'स्वतंत्र कारागीर' किंवा 'हौशी लाकूडकाम' असं खरं तेच लिहा. काही ठिकाणी सामान्य लोकांसाठी वेगळा दिवस असतो, काही ठिकाणी प्रवेशच नसतो. नियम वाचा आणि शंका असल्यास आयोजकांना आधी मेल करून विचारा. मुलांना न्यायचा बेत असेल तर वयाची अट आवर्जून बघा. यंत्रं चालू असतात म्हणून लहान मुलांना बऱ्याच व्यापारी प्रदर्शनांत आत सोडत नाहीत, आणि दारात पोहोचल्यावर हे कळलं तर दिवस वाया जातो.

नोंदणीसाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. तुमच्या बॅजवरचा कोड जो जो स्कॅन करेल, त्याच्याकडे तुमचा नंबर आणि मेल जातो. 'फक्त स्कॅन करू द्या, पिशवी घेऊन जा' असं म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे बॅज धरलात तर पुढचे काही महिने फोन घेत बसाल. कुणाला तुमची माहिती द्यायची हे तुम्ही ठरवा.

४. सोबत काय न्यायचं

- छापलेला पास आणि ओळखपत्र (मोबाईलवरचा पास चालतो, पण दारातल्या गर्दीत नेटवर्क दगा देतं)
- प्रश्नांची वही, खोलीची मापं आणि फोटो
- मेट्रिक आणि इंच दोन्ही असलेला टेप
- ३०० मिलिमीटरची चांगली पोलादी पट्टी. लहान फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा) संच असेल तर उत्तम
- लहान टॉर्च
- कानात घालायचे बोळे
- तुम्ही नेहमी वापरता त्या लाकडाचा हातभर तुकडा, खिळा किंवा खडा अडकलेला नसलेला
- पूर्ण बंद, जुने, सवयीचे बूट

स्वतःची पटाशी किंवा रंध्याचं पातं न्यायचा मोह होईल. सुरक्षा तपासणीत धारदार वस्तू अडकते. आयोजकांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

सैल बाह्या, लोंबणारी ओढणी आणि गळ्यात लटकणारा बॅज हे चालू यंत्राजवळ धोक्याचं आहे. यंत्रापाशी गेलात की बॅज शर्टाच्या आत टाका.

५. वेळ आणि फेरी

पहिल्या दिवशी उद्घाटनाची गडबड असते आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर लोक खोकी बांधायला घेतात. मधल्या दिवशी सकाळी दारं उघडताना पोहोचा. पहिले दोन तास स्टॉलवरचा जाणकार माणूस ताजातवाना असतो आणि मोठे खरेदीदार अजून आलेले नसतात. तुमचे प्रश्न तेव्हाच विचारून घ्या. निवांत भटकंती दुपारी करा.

स्टॉलवर गेल्या गेल्या 'मी हौशी आहे, एकच यंत्र घ्यायचंय' असं सांगून टाका. काही विक्रेते लगेच दुसरीकडे बघायला लागतील. चांगलंच आहे, तुमचा वेळ वाचला. जो थांबून बोलतो, तोच पुढे सुटा भाग लागला तर फोन उचलेल अशी आशा धरायला जागा आहे. विक्रीवाल्यापेक्षा यंत्र चालवणारा किंवा दुरुस्ती विभागातला माणूस गाठा. 'यात सगळ्यात आधी काय बिघडतं?' हा प्रश्न त्याला विचारा. मला आजवर प्रदर्शनांत मिळालेली कामाची माहिती बहुतेक याच प्रश्नातून आली आहे.

६. यंत्र कसं तपासायचं

इथे घाई करू नका. आलात ते यासाठीच. पण आधी परवानगी घ्या, आणि यंत्र बंद करून प्लग काढलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय हात घालू नका.

पहिली नजर मोटरवरच्या पत्र्याच्या पाटीवर. माहितीपत्रक काहीही म्हणो, पाटी बघा. व्होल्टेज, अँपिअर, फेज, फेरे आणि चालवण्याचा प्रकार तिथे कोरलेला असतो. 'एस १' म्हणजे मोटर सतत त्या ताकदीवर चालू शकते; 'एस ६, ४० टक्के' म्हणजे दर दहा मिनिटांत चारच मिनिटं भार, बाकी वेळ मोकळी. दोन यंत्रांवर सारखाच हॉर्सपॉवरचा आकडा असला तरी एकावर एस १ आणि दुसऱ्यावर एस ६ असेल तर ती तुल्यबळ नाहीत. आकड्याची फुगवणूकही पाटीवरून पकडता येते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. २३० व्होल्टवर १० अँपिअर घेणारी मोटर आत जास्तीत जास्त २३०० वॅट ओढते. ३ हॉर्सपॉवर म्हणजे २२३८ वॅट. ओढलेली जवळजवळ सगळी वीज कामात उतरवणारी अशी मोटर या आकाराच्या यंत्रात नसते, म्हणजे 'सलग ३ हॉर्सपॉवर' ही बढाई झाली.

फेज विचारा. व्यापारी प्रदर्शनातली पुष्कळ यंत्रं थ्री फेजवर चालताना दिसतात आणि 'सिंगल फेजमध्येही मिळतं' असं सांगितलं जातं. सिंगल फेजची आवृत्ती तिथे ठेवलेली आहे का, तिची मोटर किती ताकदीची, हे वेगळं लिहून घ्या. बऱ्याचदा ती कमी असते. ६० हर्ट्झच्या देशासाठी बनवलेलं साध्या इंडक्शन मोटरचं यंत्र ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश कमी वेगाने फिरतं, हेही ध्यानात ठेवा.

टेबल सॉ असेल तर फेन्स पक्की करा आणि तिच्या दूरच्या टोकाला अंगठ्याने बाजूला रेटा. हललीच तर लाकूड रेटताना नक्की हलणार. फेन्स सोडून पुन्हा त्याच आकड्यावर लावा आणि टेपने मोजा: पात्याच्या पुढच्या दातापाशी आणि मागच्या दातापाशी अंतर सारखं आलं पाहिजे. पातं वर-खाली करायचं चाक उलटसुलट फिरवून मोकळी चाल किती आहे ते बघा. पोलादी पट्टी टेबलावर आडवी, उभी, तिरकी टेकवून पलीकडून टॉर्च मारा. कुठून उजेड झिरपतो ते दिसेल. पात्यामागे रायव्हिंग नाइफ आहे का, तो पात्याबरोबर वर-खाली होतो का? तो नसेल तर दुसरा स्टॉल. लाकूड उसळून अंगावर येण्यापासून वाचवणारी ती पट्टी आहे, तिथे तडजोड नको.

मग सुट्या भागांचं माप. पात्याचं भोक किती मापाचं, यात गोंधळ नको. आकडाच विचारा, कारण पाती ३० मिलिमीटर आणि पाच अष्टमांश इंच अशा दोन्ही मापांत मिळतात आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. राउटरला (लाकडात खाचा कोरणारं यंत्र) कोणते कॉलेट, म्हणजे बिट धरणारे चिमटे, येतात: पाव इंच, अर्धा इंच, की ८ मिलिमीटर? बँड सॉच्या पात्याची लांबी नेहमीच्या मापांत बसते की फक्त तीच कंपनी पुरवते? थिकनेसरमध्ये (फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र) सरळ सुऱ्या आहेत की छोट्या चौकोनी तुकड्यांचा सर्पिल कटर? दुसरा महाग पडतो, पण आवाज कमी करतो, वाकड्या रेषांचं लाकूड कमी उपसतो, आणि एखादा तुकडा बोथट झाला तर तेवढाच फिरवता येतो. जॉइंटर (फळी सपाट करणारं यंत्र) आणि थिकनेसर एकत्र असलेलं यंत्र असेल तर एका कामातून दुसऱ्यात न्यायला सांगा आणि घड्याळ लावा. घरी हे तुम्हाला शेकडो वेळा करायचंय.

आवाज मात्र तिथे कळणार नाही. सगळं दालनच गरजत असतं. लाकूड कापताना किती डेसिबल, हा आकडा मागा. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही कानांसाठी नेहमी सांगितली जाणारी मर्यादा.

धूळशोषकाबद्दल दोन शब्द जास्त, कारण नवशिका माणूस हा खर्च शेवटी ढकलतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. स्टॉलवरच्या शोषकावर हवेच्या प्रवाहाचा जो आकडा असतो, तो सहसा नळी न लावता, कोऱ्या फिल्टरवर मोजलेला असतो. 'चार मीटर नळी आणि वापरलेला फिल्टर असताना किती?' असं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. फिल्टर किती मायक्रॉनपर्यंत अडवतो आणि नवा फिल्टर कितीला, हेही तिथेच.

७. हाताची हत्यारं

इथे तुमच्या पिशवीतला लाकडाचा तुकडा बाहेर काढा. रंध्याच्या स्टॉलवर बाकाला लावलेलं लाकूड मऊ, सरळ रेषांचं, बिनगाठीचं असतं, आणि पातं तासाभरापूर्वीच परजलेलं. त्यावर कुठलाही रंधा कागदासारखी ढलपी काढतो. तुमचा कठीण, उलट्या रेषांचा तुकडा लावायची विनंती करा. जातिवंत बनवणाऱ्याला असल्या परीक्षेची हौस असते. तो स्वतः रंध्याचं तोंड (पातं बाहेर येतं ती फट) बारीक करेल, पातं मागे घेईल, आणि त्या पाच मिनिटांत तुम्ही पुष्कळ शिकाल. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच.

एकाच नंबरचा रंधा दोन-तीन स्टॉलवर लागोपाठ चालवा. वजन, मुठीचा आकार, खोली बदलणाऱ्या चाकाची मोकळी चाल यांतला फरक असा लागोपाठ हातात घेतल्यावरच लागतो. पटाशीची पाठ पट्टीला लावून उजेडात धरा. धारेकडचे दोन-तीन सेंटिमीटर तरी सपाट हवेत. बाजूच्या कडा जाड असतील तर डव्हटेलच्या (कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या जोडाच्या) कोपऱ्यात त्या अडतील. पोलाद विचारा: ओ-१ लवकर परजलं जातं, ए-२ ची धार जास्त टिकते पण परजायला वेळ खाते. ज्याला परजणंच अजून जमत नाही त्याने ओ-१ घ्यावं असं माझं मत आहे. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) घेणार असाल तर त्याच गुण्याने एका कडेवरून रेघ मारा, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. रेघा फाकल्या तर गुण्या ठेवून द्या.

८. दुर्लक्षित कोपरे

हार्डवेअरच्या दालनात हौशी लोक फिरकत नाहीत, आणि मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. बिजागऱ्या, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या, वर उघडणाऱ्या झडपा खऱ्या कपाटांना लावून ठेवलेल्या असतात. भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, तोंडाशी दाबा, किती लवतो ते बघा. लावण्याच्या मापांचे तक्ते फुकट मिळतात. ते मागून घ्या. गोंदाच्या स्टॉलवर 'उघडा वेळ' (गोंद लावल्यापासून जोड बसवेपर्यंत मिळणारा वेळ) किती आणि पाण्याला टिकण्याचा दर्जा डी २ की डी ३, एवढं पुरे.

लाकूड विकत असतील तर ओलाव्याचा मीटर मागा. घरातल्या फर्निचरसाठी साधारण ८ ते १२ टक्के चालतो. जाड फळीच्या पृष्ठभागावरचा आकडा फसवा असतो. ताजी कापलेली कड मिळाली तर तिच्या मधोमध मोजा.

९. भाव आणि सापळे

'फक्त प्रदर्शनापुरता भाव' हे वाक्य दिवसभर ऐकाल. घरातून निघण्यापूर्वी तुमच्या यादीतल्या वस्तूंचा चालू भाव लिहून न्या, म्हणजे सूट खरी की नावापुरती ते तिथल्या तिथे कळेल. कर, पॅकिंग, वाहतूक, उतरवून घेणं आणि बसवून देणं धरून एकूण किती, हे लेखी मागा. जड यंत्रात वाहतूकच सगळी सूट गिळते.

प्रदर्शनात मांडलेलं यंत्र शेवटच्या दिवशी स्वस्तात मिळू शकतं, कारण परत नेणं त्यांनाही महाग पडतं. सौदा चांगला असतो, पण हमी कोणत्या तारखेपासून, सगळे सुटे भाग आणि पुस्तिका सोबत आहेत का, आणि तुम्ही तपासलं तेच यंत्र येणार का, हे बिलावर लिहून घ्या. क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढा. तोंडी आश्वासनावर आगाऊ रक्कम देऊ नका.

यादीत नसलेली वस्तू घ्यावीशी वाटली तर स्टॉलचा नंबर लिहा आणि दालनाबाहेर जाऊन बसा. उपभोग्य वस्तू, म्हणजे सँडपेपर, बिट, क्लॅम्प, याला अपवाद. क्लॅम्प कधीच जास्त होत नाहीत.

१०. परत आल्यावर

त्याच रात्री वही पुरी करा. दुसऱ्या दिवशी कुठल्या फेन्सबद्दल 'हलते' लिहिलं होतं ते आठवत नाही. फोटो स्टॉलप्रमाणे वेगळे करा. मग निवडलेल्या दोन विक्रेत्यांना मेल करा: यंत्राचं पूर्ण मॉडेल, सिंगल फेज आवृत्तीची पाटी, एकूण लेखी भाव, आणि एखाद्या बारीक सुट्या भागाची किंमत आणि पोहोचायला लागणारा वेळ. ही शेवटची चौकशी मुद्दाम करा. साध्या पट्ट्याच्या किमतीला उत्तर यायला तीन आठवडे लागले, तर यंत्र बंद पडल्यावर किती लागतील याचा हिशेब पैसे देण्याआधीच मांडता येतो.